‘एक सुई टोचायला पाऊण तास’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार.

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. वडील आयसीयूत आणि आपण दाराबाहेर, ही वेळ कोणावर येऊ नये. तुम्हाला आणि आईंना ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगिरी.

हाताक सलाईन चालू असताना मानेत सुई कित्याक, डोकं खाली करून का झोपवलं, दोनदा का टोचलं, मान काळीनिळी कशी झाली, वर एक्स-रेचे पैसे कसले, असं सगळं तुम्ही लिहिलंत. ते समजू शकतो. पण शेवटी ‘एक सुई टोचायला पाऊण तास लागतो म्हणजे डॉक्टर शिकाऊ असणार’ असं लिहिलंत, ते जिव्हारी लागलं. मानेतली ती लाइन, म्हणजे औषधाची नळी, मी स्वतः टाकली.

पेशंटची माहिती अशी चव्हाट्यावर मांडणं बरं नव्हे. लेप्टो (शेतातल्या दूषित पाण्यातून होणारा ताप), बीपी आणि प्लेटलेटचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून तेवढ्यावरच बोलतो. लावणीच्या दिवसांत असे पेशंट आमच्याकडे येतातच. बीपी पडलं की ते वर आणायला नॉरअ‍ॅड्रेनलीन लागतं. ते हातातल्या बारीक शिरेतून बराच वेळ चालवलं आणि शिरेबाहेर झिरपलं, तर तिथली कातडी काळी पडून मरू शकते. सुरुवातीला वेळ जाऊ नये म्हणून हातातूनच चालू केलं होतं, तेच तुम्ही पाहिलंत. पुढे मोठ्या शिरेत, हृदयाच्या तोंडाशी औषध पोचवायला सेंट्रल लाइन लागते.

आता पाऊण तासाचं. हात धुऊन टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन, ग्लोव्हज घालायचे. मान क्लोरहेक्सिडिनने पुसायची आणि ती वाळेपर्यंत थांबायचं, कारण ओल्यावर काम केलं तर पुसून उपयोग नाही. मग डोक्यापासून पायापर्यंत ड्रेप, म्हणजे निर्जंतुक चादर. सोनोग्राफीचा प्रोब ठेवून हलकं दाबलं की शीर चपटी होते, शेजारची धमनी गोलच राहते आणि ठोके देत असते. ही ओळख पटल्याशिवाय सुई पुढे जात नाही. भूल देऊन सुई, सुईतून गाइडवायर ही बारीक तार, सुई काढून वायरवरून वाट रुंद करणारा डायलेटर, मग नळी, आणि वायर बाहेर. ही पद्धत सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरांनी १९५३ मध्ये मांडली आणि जगभर तीच चालते, आमच्या गावठी हॉस्पिटलचा तो शोध नव्हे. वायर आत जाताना हृदयाला टेकली तर ठोके चुकतात, म्हणून एक डोळा मॉनिटरवर ठेवावा लागतो. पहिल्या वेळी रक्त आलं, पण वायर सरकेना. अडलेल्या वायरला जोर लावायचा नसतो. सगळं बाहेर काढून बोटाने दाबून धरलं आणि पुन्हा टोचलं. प्लेटलेट कमी असल्यावर थोडं रक्त कातडीखाली साकळतंच. म्हणूनच तर मान निवडली. गळपट्टीच्या हाडाखाली रक्त सुरू झालं तर दाबायला जागाच नसते, आणि तिथे फुफ्फुसाला सुई लागण्याची भीतीही जास्त.

डोकं खाली केल्याने शीर फुगते आणि उघड्या नळीतून हवा आत ओढली जात नाही. ती हवा जीव घेऊ शकते. एक्स-रे नळीचं टोक जागेवर आहे ना आणि फुफ्फुसाभोवती हवा साठली नाही ना, हे बघायला काढला.

आणि एक गोष्ट रिव्ह्यूत आली नाही. मुंबईच्या भाच्याला व्हिडिओ कॉलवर दाखवायला तुम्ही चपलांसकट आत आलात आणि तुमचा हात ड्रेपला लागला. दारावर पाटी होती, सिस्टरने हात जोडले होते. ड्रेप बदलला, ग्लोव्हज बदलले, मान पुन्हा पुसली. निर्जंतुक म्हणजे निर्जंतुक. लाइनमधून जंतू रक्तात गेले तर त्याचं खापर कोणावर फुटलं असतं? त्या पाऊण तासातला बराच वेळ यातच गेला. दोष देत नाही, वडिलांपायी माणूस धावतोच. पण मग आम्हाला शिकाऊ म्हणू नका. ती सिस्टर रिव्ह्यू वाचल्यापासून गप्प आहे.

पावसात घाटात दरड आली की कोल्हापूर तुटतं, उरतं ते गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल, आणि पडलेल्या बीपीवर तेवढा प्रवास झेपत नाही. म्हणून हे सगळं इथे करतो. छोटं हॉस्पिटल आहे, डोक्यावर कर्ज आहे. एका स्टारने लोक दार बदलतात.

यापुढे आतून कोणीतरी मधूनमधून बाहेर येऊन सांगेल असं बघतो, बसायची सोयही करायची आहेच. बिलात लाइनचा किट आणि एक्स-रे वेगळे दाखवलेत, काउंटरवर समजावून देतील.

मानेवरचा डाग आठवडा-दोन आठवड्यांत जाईल. त्या बाजूचा हात किंवा मान सुजली, थंडी वाजून ताप आला, तर फोन करत न बसता बाबांना सरळ घेऊन या, रात्र असली तरी.