'पैसा नाही, शिस्त लागते' हे माझ्या मावशीला सांगू नका

गेल्या आठवड्यात मावशीने केमोची तारीख चुकवली. म्हणाली, "आधी हे चाळीस दिवस करून बघते." हे म्हणजे अनशापोटी कडुलिंबाचा पाला, कच्ची हळद, लिंबूपाणी घ्यायचं; साखर, दूध बंद. नोव्हेंबर 2024 मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी अमृतसरला पत्रकारांपुढे पत्नीच्या आजाराबद्दल जे सांगितलं, ते आता मराठीत होऊन आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतंय: 'चौथ्या स्टेजचा स्तनाचा कॅन्सर 40 दिवसांत बरा. पैसा नाही, शिस्त लागते.' खाली कुणीतरी जोडलंय: 'तपासण्या म्हणजे लूट.'

आहाराचं आधी उरकते. साखर कमी केली, वजन ताब्यात ठेवलं, तर चांगलंच आहे. त्याने कॅन्सर जात नाही. टाटा मेमोरियलच्या 262 आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी तेव्हाच पत्रक काढून सांगितलं की हळद-कडुलिंबाने कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. सिद्धूंच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती. फॉरवर्डमध्ये नेमकं तेवढंच गळालंय.

माझा संताप आहे तो 'शिस्त' या शब्दावर. मावशी पहाटे चारला उठते. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबली. स्तनातली गाठ हाताला लागली तेव्हा तुरीची काढणी चालू होती. दुखत नव्हती, म्हणून पाडव्यापर्यंत थांबली. तालुक्याच्या डॉक्टरने मलम दिलं, त्यात आणखी दोन महिने गेले. मग जिल्ह्याला बायोप्सी, रिपोर्टसाठी पुन्हा खेप. तोवर कॅन्सर हाडांत पोचला होता. यात बेशिस्त कुठे आहे?

देशातल्या 11 कर्करोग नोंदणी केंद्रांतल्या 17 हजारांवर रुग्ण महिलांचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. रोग स्तनापुरता असताना सापडला तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण 81 टक्के, दूर पसरल्यावर 18.3. ठिकाणागणिकही फरक आहे: मिझोराममध्ये 74.9 टक्के, अरुणाचलातल्या पासीघाटला 41.9. पासीघाटच्या बायका पथ्य पाळत नाहीत, असं म्हणायचंय का कुणाला? आणि पसरलेला कॅन्सर बहुतेक वेळा ताब्यात ठेवावा लागतो, म्हणजे उपचार चालूच राहतात. ज्या घरात एक खाडा परवडत नाही, तिथे तारखा चुकतात.

सरकारी दवाखान्यातही उपचार होतात, असंही सिद्धू म्हणाले होते. ते मान्य करावंच लागेल. मावशीची केमो महात्मा फुले योजनेतच चाललीय. पण तिची बुडालेली रोजंदारी कार्डावर मिळत नाही, आणि तिच्यासोबत जाणाऱ्या मुलाचीही नाही.

राहिली तपासण्यांची 'लूट'. मुंबईच्या झोपडवस्त्यांत दीड लाखावर बायकांवर टाटाचा 20 वर्षांचा अभ्यास झाला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तन तपासत. तेवढ्यानेही रोग लवकर सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले.

परवा मावशीने साडीच्या दुकानाच्या पिशवीतून फाईल काढून माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "मीच कमी पडले का गं?" गुरुवारची नवी तारीख मिळालीय. मावसभाऊ त्या दिवशी खाडा करणार आहे. ग्रुपवर ज्यांनी हे पाठवलं, त्यांनी त्याचा तेवढा एक दिवस भरून द्या.