केस सुटली, तरी भार तुमच्यावरच का?

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: गुन्हा सिद्ध करणं सरकारी वकिलाचं काम, मग केसच उभी राहिली नाही तर अटकेची नोंद पुसायला आपण निर्दोषत्व का सिद्ध करायचं? कॅलिफोर्नियात अटकेची नोंद पुसून घेण्याबद्दलच्या माझ्या लेखात मी पुराव्याचा भार उलटा दाखवला, असं तुम्ही म्हणता.

तो उलटाच आहे. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचं कलम ८५१.८ पहिला भार अर्जदारावर टाकतं. तुम्ही तो गुन्हा केला असं मानायला वाजवी कारणच नाही, हे आधी तुम्ही दाखवायचं. ते जमलं तरच भार सरकारकडे जातो, आणि सरकारला तेवढं वाजवी कारण दाखवलं की पुरतं. निःसंशय पुरावा लागतो तो शिक्षा द्यायला. २००३ च्या अडेअर खटल्यात आरोपी खुनाच्या आरोपातून सुटली होती, तरी कनिष्ठ न्यायालयाने तिला दिलेला निर्दोषत्वाचा निर्वाळा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही.

तुमचं दुकानचोरीचं उदाहरण घ्या. पोलीस रिपोर्टात गार्डचं ‘पिशवीत टाकताना पाहिलं’ एवढं एक वाक्य शाबूत असेल तरी अर्ज अडतो. ते खोडायला वेळ छापलेली पावती, कार्डाचं स्टेटमेंट, सीसीटीव्ही हवं. फुटेज लवकर पुसलं जातं, म्हणून ते लगेच लेखी मागा. चांगल्या वर्तनाची दहा पत्रं इथे फुकट.

खरी गफलत मुदतीत होते. केस दाखल झालीच नसेल तर अर्ज आधी पोलिसांकडे, प्रत सरकारी वकिलाला. ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर अर्ज फेटाळला असं धरून कोर्टात जाता येतं. पण खटला भरण्याची कालमर्यादा (किरकोळ गुन्ह्यांना बहुधा १ वर्ष) संपलेली नसेल, तर हे ६० दिवस ती संपल्यावर मोजतात. आणि अर्जाला अटकेपासून एकूण २ वर्षं! उशिराचं सबळ कारण दाखवलं तर सूट मिळू शकते, पण त्या भरवशावर राहू नका.

‘मित्राने काहीही सिद्ध न करता नोंद बंद करून घेतली’ हे तुमचं म्हणणं मात्र खरं असणार. ती वाट कलम ८५१.९१ ची, १ जानेवारी २०१८ पासूनची. लेखात ती यायला हवी होती. शिक्षा झालेली नसेल तर बहुतेकांना हा हक्कच आहे, फॉर्म सीआर-४०९. फरक एवढाच की नोंद सीलबंद होते, नष्ट होत नाही. ८५१.८ मध्ये ती अटकेपासून ३ वर्षं सीलबंद राहून मग नष्ट होते.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी आणखी एक. अमेरिकी नागरिकत्वाच्या अर्जावर, म्हणजे एन-४०० फॉर्मवर, सीलबंद अटकही सांगावीच लागते. म्हणून सील करण्याआधी केसच्या निकालाची सर्टिफाइड प्रत काढून ठेवा; केस दाखल झाली नसेल तर तसं पत्र घ्या.