झिकोला शेवटच्या पाच मिनिटांवरून तोलणाऱ्यांसाठी

आज सकाळी एका ग्रुपवर परत तेच वाचलं. "झिको खेळाडू म्हणून देव, कोच म्हणून शून्य. गोव्याला काय दिलं त्याने?" खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. झिको म्हणजे ब्राझीलचा जुना स्टार, 2014 ते 2016 एफसी गोवाचा कोच. डोकंच फिरलं, म्हणून हे लिहितोय.

ज्यांना फक्त 20 डिसेंबर 2015 ची रात्र आठवते, त्यांच्यासाठी आधी तीच घेऊ. आयएसएलची (इंडियन सुपर लीग) फायनल, गोव्याचं फातोर्डा स्टेडियम खचाखच. 87व्या मिनिटाला जोफ्रेचा गोल आणि एफसी गोवा 2-1 ने पुढे. 90व्या मिनिटाला चेंडू गोव्याचा गोलकीपर कट्टीमणीच्या हातून आपल्याच जाळ्यात. दोन मिनिटांनी चेन्नईयनच्या मेंडोझाचा गोल. 2-3, कप चेन्नईयनचा. त्याच मॅचमध्ये कट्टीमणीने पेनल्टी अडवली होती, हे मात्र कुणाला आठवत नाही.

आता कोचची चूक किती? 87व्या मिनिटाला आघाडी मिळाली की काय करायचं ते ठरलेलं असतं. फुलबॅकने (कडेच्या डिफेंडरने) मधली रेषा ओलांडायची नाही, चेंडू कॉर्नरच्या झेंड्यापाशी नेऊन अडवायचा, थ्रो-इनला सावकाश जायचं, एक ताजा डिफेंडर आत घ्यायचा. झिकोच्या टीमांना हे कधीच नीट जमलं नाही. मान्य. पण हे न जमण्यामागे त्याची खेळाची समज आहे, बेफिकिरी नाही.

झिको जपानच्या टीमचा कोच होता, तेव्हाचं बघा. त्याच्या आधीचा कोच त्रूसिए. तीन डिफेंडर एका सरळ रेषेत, कोण किती पावलं पुढे जाणार तेही ठरलेलं. 2002 मध्ये झिको आला आणि म्हणाला, मैदानात तुम्ही आहात, तुम्ही ठरवा. या मोकळीकीची किंमत 12 जून 2006 ला, जर्मनीतल्या वर्ल्ड कपमध्ये, कैझर्सलाउटर्नला मोजली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाकामुराच्या गोलवर 84व्या मिनिटापर्यंत 1-0. दुपारी तीनची मॅच, ऊन, पाय जड झालेले. 79व्या मिनिटाला फॉरवर्ड यानागिसावाला काढून मिडफिल्डर ओनोला आणलं. चेंडू धरून ठेवायचा की दुसरा गोल करायचा, हेच टीमला कळेना. पुढचे प्रेस करतायत, मागचे आत सरकतायत, मध्ये मोकळं रान. ऑस्ट्रेलियाचा कोच हिडिंकने केहिल, केनेडी, अलोइसी असे एकामागून एक पुढचे खेळाडू आत सोडले होते. लांब थ्रो आला, जपानचा कीपर कावागुची गोल सोडून बाहेर आला, केहिलने मारला. मग आणखी दोन. 1-3. इथे बदली चुकली, सरळ चुकली.

पण हीच मोकळीक 2004 च्या आशिया कपमध्ये बघा ना! चोंगचिंगला जॉर्डनशी पेनल्टी शूटआउट. जपानच्या पहिल्या दोन किका वाया, कारण त्या टोकाची माती पायाखालून सरकत होती. कॅप्टन मियामोतो थेट रेफरीकडे गेला, टोक बदलून घेतलं, आणि मग कावागुचीने मॅच ओढून आणली. कॅप्टनने स्वतः डोकं चालवलं, बेंचकडे बघत बसला नाही. सेमीफायनलला बहरीनविरुद्ध नाकाझावाचा बरोबरीचा गोल 90व्या मिनिटाला, तोही डिफेंडरने पुढे घुसून हेडरने केलेला. मग बीजिंगला चीनला 3-1 हरवून कप. फातोर्ड्याची शेवटची मिनिटं झिकोच्या खात्यात टाकणार असाल, तर ही पण टाका.

आणि गोलकीपरच्या चुकीवर बोलणाऱ्यांनो, मार्च 2008, चॅम्पियन्स लीग, स्पेनच्या सेव्हियाविरुद्ध परतीची मॅच. झिको तुर्की क्लब फेनेरबाखचेचा कोच. नऊ मिनिटांत 0-2, आणि त्यात कीपर वोल्कान देमिरेलच्या चुका. फेनेरबाखचेच्या डेव्हिदने दोन मारले, दोन्ही मॅचचे गोल मिळून बरोबरी झाली, मॅच शूटआउटला गेली आणि त्याच देमिरेलने तीन किका अडवल्या. क्लब पहिल्यांदा चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टरफायनलला. तिथे इस्तंबूलला चेल्सीला 2-1 हरवलं. परतीला 0-2 ने गेले, ठीक आहे. त्याआधीच्या वर्षी, क्लबच्या शताब्दीत, तुर्की लीगही जिंकून दिली होती.

हां, ग्रीसच्या ऑलिंपियाकोसने त्याला काही महिन्यांतच काढलं. सीएसकेए मॉस्कोलाही वर्ष भरलं नाही, पण रशियन कप आलाच. इराकच्या राष्ट्रीय टीमचं काम तर त्याने स्वतः सोडलं, फेडरेशनने कराराच्या अटी पाळल्या नाहीत म्हणून.

"गोव्याला काय दिलं?" तेव्हा आयएसएलमध्ये निदान पाच भारतीय खेळाडू मैदानात लागायचे. लीगच्या 14 मॅच, सगळा मोसम अडीचेक महिन्यांचा. एवढ्यात किचकट सिस्टीम बसत नाही, ओळखीची पोरं बसतात. मंदार राव देसाईला विंगवर सलग मॅच मिळाल्या, रोमियो फर्नांडिस 2014 च्या मोसमानंतर ब्राझीलच्या अत्लेतिको परानाएन्सेकडे लोनवर गेला. 2014 ला सेमीफायनल, 2015 ला लीगमध्ये पहिला नंबर, खेळाडू-कोच अनेल्काच्या मुंबईला 7-0. मुंबईकर मित्रांनो, रागावू नका, पण गोव्याच्या हाओकिप आणि डुडू दोघांचीही हॅटट्रिक होती ती!

2016 ला तळाला गेलो, ते मी नाकारत नाही. बचाव फुटका होता आणि तो त्याला शिवता आला नाही. तरी शेवटच्या मॅचला त्याच चेन्नईयनला 5-4 ने हरवलं. चार खाल्ले, पाच मारले. माझ्या मते झिकोचा फुटबॉल असाच होता, आणि मला तो आवडायचा.

वाद घालायचाच असेल तर सेव्हियाची ती मॅच दहाव्या मिनिटापासून शूटआउटपर्यंत अख्खी बघा, मग कमेंट करा.