सगळे डोस होईपर्यंत पिल्लू घरातच? तो मेसेज अर्धवट आहे

ग्रुपवर फिरतंय की लसीचे सगळे डोस होईपर्यंत कुत्र्याच्या पिल्लाला बाहेर न्यायचंच नाही, कुणाला भेटवायचं नाही. पार्वोची (कुत्र्यांमध्ये पसरणारा जीवघेणा आजार) भीती खरीच आहे, भटकी कुत्री फिरतात तिथे खाली सोडू नकाच. पण नवीन गोष्टी सहज स्वीकारायचं वय साधारण ३ ते १२-१४ आठवडे, आणि डोस संपतात १६व्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे वाट बघत बसलात तर तो काळ गेलाच की! प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या व्हेट्सची संघटना एव्हीएसएबी तर म्हणते की ७-८ आठवड्यांपासून पपी क्लासही (पिल्लांना एकत्र शिकवणारा वर्ग) चालतो, फक्त पहिली लस त्याआधी किमान ७ दिवस झालेली हवी आणि जंताचं औषध दिलेलं. कडेवर घेऊन रिक्षा, छत्री, लहान मुलं दाखवा, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्याला भेटवा. तुमच्या एरियात पार्वो किती आहे ते व्हेटला विचारा, पण तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका.