आकडी आल्यावर कांदा-चप्पल हुंगवण्याबाबत खुलासा

‘फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवा, चमच्याने दातखीळ उघडा, लगेच उतरते,’ असा मेसेज फिरतो आहे. हे खरे नाही.

बहुतेक झटके १ ते ३ मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्यात कोणीतरी चप्पल नाकाशी धरलेली असते, म्हणून श्रेय तिला मिळते. मेंदूतल्या पेशींचा विजेचा उद्रेक वासाने थांबवता येत नाही. चमचा तर घातकच: दात तुटतो आणि तुकडा श्वासनलिकेत जातो. जीभ गिळली जात नाही; चावली गेली तरी ती जखम भरते.

आधी घड्याळ पाहा. डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याशी घट्ट असलेले कपडे सैल करा, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर येईल. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा पाजू नका. झटका ५ मिनिटांवर गेला, शुद्ध न येता दुसरा आला, किंवा रुग्ण गरोदर असेल, तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी मिडाझोलामचा (झटका थांबवणाऱ्या औषधाचा) नाकातला स्प्रे लिहून दिला असेल, तर तो ५ व्या मिनिटाला मारा. किती वेळा दाबायचा हे वजनावर ठरते; तो आकडा आजच बाटलीवर लिहून ठेवा.

दुसऱ्या कोणीतरी मोबाइलवर झटक्याचे चित्रण करावे. निदानाला त्याची फार मदत होते, कारण दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) अनेकदा नॉर्मल येतो. तो नॉर्मल आला म्हणून आकडीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.