‘संपर्क साधा’ म्हणे!

वसुबारसेच्या दोन दिवस आधी आमची घरघंटी, म्हणजे घरातली पिठाची गिरणी, बसली. बटण दाबलं की नुसतं ‘हूंऽऽ’, फिरायचं नाव नाही. माझ्याकडे अठरा किलो चकलीच्या भाजणीची ऑर्डर. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धणे-जिरे, सगळं भाजून परातींमध्ये गार करत ठेवलेलं. पवननगरच्या गिरणीत त्या दिवसांत पिशव्यांची रांग रस्त्यावर येते, आणि कुणाच्या तरी बाजरीच्या पाठोपाठ माझी भाजणी दळली गेली की चकली काळपट होते. गिऱ्हाईक एका घासात ओळखतं. म्हणून तर वीसेक हजार मोजून स्वतःचं मशीन घेतलं होतं.

मशीनच्या दारावर कंपनीचा चकचकीत स्टिकर. त्यावर वेबसाइटचं नाव, बास. फोन नंबर खोक्यावर असणार, पण खोकं तीन वर्षांपूर्वीच भंगारवाल्याच्या गाडीवर बसून गेलं. म्हटलं, वेबसाइट आहे ना, मग काय काळजी?

तर ती वेबसाइट. उघडताच गव्हाचं शेत डोलायला लागलं. मग कुठलं तरी सुखी कुटुंब पोळ्या खाताना. मग ‘आमचं व्हिजन’. मग ‘आमचं मिशन’. अहो, माझं मशीन बंद पडलंय, तुमचं व्हिजन घेऊन मी काय चाटू? खाली सरकत सरकत, अंगठा दुखेपर्यंत सरकत, शेवटी सापडलं: ‘संपर्क साधा’.

आणि तिथं ती बाई. तुम्हीही तिला बघितलं असेल. गोरी, कानाला हेडफोन, दात पांढरेशुभ्र, जणू माझ्याच फोनची वाट बघत बसलीय. ही बाई निम्म्या महाराष्ट्राच्या वेबसाइटींवर नोकरीला आहे. वकिलाकडे तीच, पाइपवाल्याकडे तीच, मूळव्याधीच्या दवाखान्यातही तीच. आजवर तिनं एकाचाही फोन उचललेला नाही, पण पगारवाढ मात्र जोरात असावी.

तिच्या खांद्याजवळ नंबर होता. होता म्हणजे चित्रातच छापलेला. बोट ठेवलं तर काही होईना, दाबून धरलं तर कॉपी होईना. म्हणजे मोबाइलवर बघायचं, कागदावर उतरवायचं आणि परत मोबाइलवर दाबायचं. बरं, तेही केलं. ०२५३ लावलं आणि पुढचे आकडे मोजले तर सहाच! नाशिकचा लँडलाइन सात आकडी असतो हे नाशिकमध्येच कारखाना असलेल्या माणसाला माहीत नसावं? एक आकडा कुणी तरी गिळला, आणि तो गिळून किती वर्षं झाली देव जाणे. एकानेही स्वतःचा नंबर लावून बघितला नाही.

कोपऱ्यात व्हॉट्सअॅपचं हिरवं बटण उड्या मारत होतं. दाबलं. ‘हा नंबर व्हॉट्सअॅपवर नाही.’ (भाच्यानं नंतर सांगितलं, त्या लिंकमध्ये नंबराच्या आधी ९१ लागतं, पुढे शून्य चालत नाही. यांनी शून्य ठोकलेला. दोन बोटांचं काम, पण बघणार कोण?)

उरला फॉर्म. आता मी शांत होते हं. खरंच शांत होते. नाव विचारलं, मी मराठीत लिहिलं. लाल अक्षरं आली: ‘प्लीज एंटर अ व्हॅलिड नेम’. आत्याबाईनं कानात कुर्र करून ठेवलेलं नाव, पन्नास वर्षं रेशनकार्डावर चालतंय, आणि इथल्याच अंबडच्या घरघंटीवाल्याला ते चालत नाही! अरे, तुझ्या मशीनवर गहू, ज्वारी, बाजरी मराठीत छापलंयस ना? इंग्रजीत लिहिलं. मग देश निवडा. भारतात विकायचं, भारतातच दुरुस्त करायचं, तरी देश निवडा. अफगाणिस्तानपासून सुरुवात. हंगेरी आलं, आइसलँड आलं, तेव्हा कुठं आपण आलो. मग राज्य, मग शहर, मग पिनकोड, मग कंपनीचं नाव आणि त्यावर चांदणी, म्हणजे भरलंच पाहिजे. माझी कुठली कंपनी? लिहिलं ‘घर’. मग हुद्दा. लिहिलं ‘गृहिणी’, इंग्रजीत. मग म्हणे ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ नशिबानं कळलं, दुसरं काय!

मशीनचा कुठला नमुना, कधी घेतलं, काय बिघाड आहे, हे मात्र कुठंही विचारलेलं नाही. जे मला सांगायचंय त्याला एवढासा चौकोन, आणि जे त्यांना विकायला उपयोगी पडेल त्याला नऊ रकाने.

शेवटी मी माणूस आहे हे सिद्ध करा. चित्रांतून फायर हायड्रंट, म्हणजे आग विझवायचा रस्त्यावरचा नळ, शोधा. आमच्या सिडकोत मी आजवर एकही फायर हायड्रंट बघितलेला नाही. लाल डबडं दिसलं की टोचत गेले. चुकलं. परत. आता झेब्रा क्रॉसिंग. तेही आमच्याकडे रंगवल्यावर आठवडाभर दिसतं. तिसऱ्यांदा जमलं, पाठवायचं बटण दाबायला गेले तर ते उड्या मारणारं व्हॉट्सअॅप नेमकं त्याच्यावर येऊन बसलेलं. बाजूला बोट मारलं, आणि पान नव्यानं उघडलं. कोरं करकरीत. अफगाणिस्तानपासून.

दुसऱ्यांदा भरला. हो, भरला, कारण परातीत भाजणी होती. ‘धन्यवाद! आमची टीम लवकरच आपल्याशी संपर्क करेल.’ लवकर म्हणजे कधी, ते नाही. तक्रार क्रमांक नाही. माझ्या ईमेलवर एक ओळ नाही. विहिरीत दगड टाकला तरी ‘डुबुक’ ऐकू येतं हो!

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशीची खरेदी बाजूला ठेवून ह्यांच्या स्कूटरवर बसून अंबडला गेलो. वेबसाइटवरच्या नकाशातली टाचणी कुठं होती सांगू? सीबीएसच्या, म्हणजे शहरातल्या मुख्य बसस्टँडच्या, आसपास. म्हणजे नुसतं ‘नाशिक’ टाकलं की जिथं टोचेल तिथं टोचून मोकळे. पत्त्यात फक्त प्लॉट नंबर आणि ‘एमआयडीसी, अंबड’. एमआयडीसीत प्लॉट नंबर शोधणं म्हणजे काय असतं ते जाणाऱ्यालाच ठाऊक. एका ब्लॉकचे आकडे संपतात तिथं दुसऱ्याचेच सुरू होतात. ‘एक्सलो पॉइंटच्या अलीकडे’ असे तीन शब्द लिहायला काय जड जात होतं? तासभर ट्रकांच्या मधून फिरून शेवटी प्लॉट सापडला. फाटकावर दुसऱ्याच कंपनीची पाटी.

वॉचमन भला माणूस. म्हणाला, “त्यांना शोधू ऱ्हायल्या का ताई? ते गेले सिन्नरला. दोन वर्षं झाली. रोज कुणी ना कुणी येतं.”

रोज! म्हणजे रोज एक माणूस तेल जाळून, उन्हात तळून त्या फाटकावर जातो, आणि ह्या वॉचमनला न मिळणाऱ्या पगारात त्यांची चौकशी खिडकी चालवावी लागते. कंपनीला हे दोन वर्षांत कळू नये? कळत असेलच. फिकीर नसेल.

संध्याकाळी भाचा फराळाचं सामान घेऊन आला. तो कॉलेज रोडला वेबसाइटी करतो. त्याच्यावर सगळी आग ओकले. तो हसायलाच लागला. “मावशी, तू फॉर्म भरलास? फॉर्म कोण भरतं?”

“तूच करून देतोस ना लोकांना?”

“करून देतो. भरत नाही.”

मग त्यानं चहा पीत पीत जे सांगितलं, त्यानं माझं डोकं आणखी तापलं. मालक लोक रंगावर, लोगोवर, पहिल्या पानावरच्या व्हिडिओवर महिना महिना घालवतात. संपर्काच्या पानाची वेळ आली की म्हणतात, “ते टाकून दे काहीतरी.” मग विकत घेतलेल्या साच्यात जे असेल तेच राहतं, ती गोरी बाईसुद्धा. फॉर्मची ईमेल पुष्कळदा पोचतच नाही. कारण साइट ज्या कॉम्प्युटरवर चालते तो सर्व्हर ती ‘पाठवणारा’ म्हणून माझाच ईमेल पत्ता लावून पाठवतो. घेणाऱ्याकडचं जीमेल बघतं की हा सर्व्हर त्या पत्त्याच्या वतीनं पाठवायला अधिकृतच नाही, आणि सरळ स्पॅममध्ये ढकलतं. फेब्रुवारी २०२४ पासून तर गूगल आणि याहूनं पाठवणाऱ्याची ओळख पटवायचे नियम अजून कडक केलेत. उपाय सोपा आहे म्हणे: पाठवणारा पत्ता कंपनीच्याच डोमेनचा, म्हणजे तिच्या वेबसाइटच्या नावाचा, ठेवायचा, ‘उत्तर इथं द्या’मध्ये माझा टाकायचा. अर्ध्या तासाचं काम. आणि ते हायड्रंट? बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरत सुटणारे प्रोग्रॅम, अडवायला फॉर्ममध्ये एक लपवलेला रकाना ठेवला तरी बरंचसं भागतं. माणसाला तो दिसत नाही म्हणून रिकामा राहतो, बॉट आंधळेपणानं भरतो आणि पकडला जातो. म्हणजे परीक्षा बॉटची घ्यायची, तर हे माझी घेतात!

“आणि मावशी, पोचली तरी ज्याच्या नावानं पोचते तो नोकरी सोडून गेलेला असतो.”

पण खरी मेख पुढे. एक मालक त्याला म्हणाला होता, “मोबाइल नंबर नको टाकूस रे. लोक फोन करतात.”

लोक फोन करतात! अरे मग दुकान कशाला मांडलंस, लोक येतात की! त्याच साइटवर ‘आता खरेदी करा’चं बटण बघा. कसं लोण्यासारखं चालतं. दोन ठिकाणी बोट लावलं की पैसे कापायला तयार. तिथं देश विचारत नाहीत, हायड्रंट नाही, पिनकोड टाकला की शहर आपोआप येतं. घ्यायच्या हाताला लकवा नाही, द्यायच्याच हाताला आहे.

आणि हे काही माझ्या लहरीचं मागणं नाही. कंपनी कायद्याखालचे २०१४ चे नियम आहेत, त्यातला नियम २६ सांगतो की कंपनीची वेबसाइट असेल तर पहिल्याच पानावर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, कंपनीचा ओळख क्रमांक, टेलिफोन, ईमेल आणि तक्रारीसाठी कुणाला गाठायचं त्या माणसाचं नाव पाहिजे. ह्यांच्या साइटच्या तळाशी ‘प्रा. लि.’ मिरवलंय, बाकी ठणठणाट. ऑनलाइन विकत असाल तर २०२० चे ई-कॉमर्सचे नियम आणखी वर. तक्रार अधिकारी नेमा, त्याचं नाव-नंबर दाखवा, ४८ तासांत पोच द्या, महिन्याभरात निकाल लावा. ४८ तास! माझ्या भाजणीचं काय झालं असतं ते सोडा, निदान पोच तरी?

मी पाव किलो भाजणीचं पाकीट विकते. त्यावर नाव, पत्ता, फोन, ईमेल छापावंच लागतं, पाकीटबंद मालाचे नियमच तसे आहेत. मुद्दाम मोठ्या अक्षरात छापते. गेल्या वर्षी एका बाईंनी रात्री साडेदहाला फोन केला, चकल्या तेलात विरघळतायत म्हणून. नऊवारी अवतारात उभी राहून त्यांना मोहन कमी करायला सांगितलं. दीडशे रुपयांच्या पाकिटावर मी सापडते, आणि वीस हजारांच्या मशीनवाला सापडत नाही.

पेठ रोडला कधी गेलात तर भिंती बघा. ‘बोअरवेल’ आणि खाली दहा आकडे. चुन्यावर निळीनं रंगवलेले, हाताएवढे. व्हिजन नाही, मिशन नाही. फोन लावा, दुसऱ्या रिंगला “हां बोला” येतं. ज्यानं ती भिंत रंगवली त्याला एवढंच ठाऊक होतं की वाचणाऱ्याच्या घरात पाणी नाही. संपर्काचं पान उघडणाराही तसाच असतो हो, कुणी कौतुक करायला येत नाही तिथं. तहानलेला येतो.

माझं काम शेवटी अशाच एका भिंतीनं केलं. आमच्याकडच्या विजेच्या डीपीच्या बाजूला कुणी ‘मोटार रिवायंडिंग’ लिहून नंबर टाकलाय, पावसानं शेवटचा आकडा फिकट झालाय, तरी वाचता येतो. फोन केला. आवाज कसा येतोय एवढंच विचारलं त्यानं. ‘हूं’ म्हटल्यावर म्हणाला, “कपॅसिटर गेला असंल, बंद ठेवा, येतो.” तासाभरात आला, बदलला, मशीन भुर्रकन सुरू. रात्री दोनपर्यंत दळत बसले, पण ऑर्डर गेली.

भाऊबीज झाली. आकाशकंदील उतरवत होते तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन. हिंदीतून. “मॅम, आपने हमारी आटा चक्की में इंटरेस्ट दिखाया था.”

माझा फॉर्म! पोचला होता तर! विक्री विभागात.

मी म्हटलं, बाबा रे, मला घ्यायची नाहीये, घेतलेली आहे, ती बंद पडली होती. त्यानं सर्व्हिसवाल्यांशी बोलायला सांगितलं. मी नंबर मागितला. म्हणाला, “मॅम, वेबसाइट पे कॉन्टॅक्ट पेज है ना, वहाँ फॉर्म भर दीजिए.”