१६० चौरस फुटांना फरश्या किती?

गेल्या दिवाळीपूर्वी आम्ही सांगलीच्या घरातल्या दिवाणखान्याची फरशी बदलली आणि त्या अनुभवातून माझे ठाम मत झाले, की फरश्यांची संख्या चौरस फुटांवरून काढण्याची आपल्याकडची पद्धत मुळातच चुकीची आहे. दर ठरवायला चौरस फूट ठीक आहे. दुकानदार भाव चौरस फुटाला सांगतो, मिस्त्री मजुरी ब्रासवर म्हणजे १०० चौरस फुटांवर सांगतो, त्याला माझी हरकत नाही. पण फरशी बसते ती ओळीने आणि नगाने, तेव्हा मोजायचीही तशीच.

आमचा दिवाणखाना १० फूट रुंद आणि १६ फूट लांब. दुकानदाराने १६० मध्ये १० टक्के तूटफूट मिळवली, आलेल्या १७६ ला ‘दोन बाय दोन’ फुटी चार फरश्यांच्या एका बॉक्सच्या १६ चौरस फुटांनी भागले आणि ११ बॉक्स, म्हणजे ४४ फरश्यांचे बिल केले. हिशेब इतका स्वच्छ होता की आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

पहिली गोम ‘दोन बाय दोन’ या शब्दांतच आहे. बाजारात जिला दोन बाय दोन म्हणतात ती फरशी ६०० मिलिमीटरची असते, आणि दोन फूट म्हणजे जवळजवळ ६१० मिलिमीटर. चार फरश्यांच्या बॉक्सवर १.४४ चौरस मीटर असे छापलेले असते. त्याचे साडेपंधरा चौरस फूट होतात, सोळा नव्हेत. एका फरशीमागे जेमतेम एक सेंटिमीटरचा हा फरक खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत किती वाढतो, हे मिस्त्रीने पहिल्याच दिवशी दाखवले. त्याने दोरी ताणली, सिमेंट न लावता कोरड्या फरश्यांची एक ओळ मांडली आणि विचारले, “काका, भिंतीकडेला दीड इंचाची पट्टी येतेय, चालेल का?” दोन मिलिमीटरचे सांधे धरून रुंदीत पाच फरश्या बसून ३८ मिलिमीटर उरत होते आणि लांबीत आठ बसून सुमारे ६१. इतकी बारीक पट्टी कापताना तुटते आणि बसवल्यावर ठिगळासारखी दिसते, त्यामुळे आम्ही नाही म्हणालो.

मग मिस्त्रीने खोलीचा मध्य धरला. रुंदीत चार अख्ख्या फरश्या आणि दोन्ही कडांना ३२ सेंटिमीटरचे तुकडे, लांबीत सात अख्ख्या आणि दोन्ही टोकांना ३३ सेंटिमीटरचे तुकडे. दिसायला ही मांडणी उत्तम. परंतु तुकडा अर्ध्या फरशीहून मोठा असल्यामुळे एका फरशीतून दोन तुकडे निघत नाहीत आणि प्रत्येक तुकड्याला नवी फरशी लागते. सहा गुणिले नऊ, चोपन्न. हातात होत्या चव्वेचाळीस.

आम्ही पट्टी पत्करली असती तरी भागले नसते, कारण दुकानदाराच्या हिशेबात स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायच्या पट्ट्या, नव्हतेच. चार इंची स्कर्टिंगच्या एका फरशीतून पाचच पट्ट्या निघतात. सहावी पट्टी कटरच्या पात्याच्या जाडीत जाते. दारे वगळून भिंतींची लांबी ४६ फूट धरली तर २४ पट्ट्या, म्हणजे पाच फरश्या लागतात. मध्य धरून केलेल्या मांडणीत मात्र कडेचे उरलेले तुकडे २७-२८ सेंटिमीटरचे होते आणि प्रत्येकातून दोन पट्ट्या निघाल्या, त्यामुळे स्कर्टिंगसाठी एकही नवी फरशी फोडावी लागली नाही. जिला आपण सरसकट तूटफूट म्हणतो, तिच्यातला बराचसा माल असा भिंतीच्या पायाशी उपयोगी पडतो. फक्त ते आधी मांडून पाहिलेले असावे लागते.

आणखी तीन बॉक्स आणायला गेलो तेव्हा तेच डिझाइन मिळाले, पण बॅच वेगळी होती. भट्टीतून वेगवेगळ्या वेळी निघालेल्या मालाच्या छटेत फरक पडू शकतो, म्हणूनच बॉक्सवर बॅच आणि शेड यांचे क्रमांक असतात. नव्या फरश्या किंचित पिवळसर निघाल्या. त्या आम्ही दिवाणाखाली जातील अशा बेताने लावल्या, तरी दुपारी खिडकीतून ऊन आत आले की त्यांची कड दिसतेच. शहाबादी फरशीच्या काळी हा प्रश्न कोणाला पडत नसे, कारण तिथे कोणतीच फरशी शेजारणीसारखी नसे.

नवीन सदनिका घेणारे काही जण करारनाम्यातील चटई क्षेत्रावरून (कार्पेट एरियावरून) फरश्या मागवतात, तेही टाळावे. रेरा या घरबांधणी व्यवहारांच्या कायद्यातील व्याख्येनुसार त्या क्षेत्रात आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते आणि बाल्कनी वगळलेली असते, म्हणजे दोन्ही बाजूंनी आकडा निरुपयोगी. न्हाणीघराच्या भिंतींना तर ओळींचाच हिशेब हवा: ३०० मिलिमीटर उंचीच्या सात ओळी सांध्यांसह सात फुटांना दोनेक सेंटिमीटर कमी पडतात, तेव्हा त्या दोन सेंटिमीटरसाठी आठवी ओळ न फोडता फरशीची उंची तिथेच थांबवणे शहाणपणाचे.

झोपण्याच्या खोलीच्या वेळी मी दुकानात जाण्याआधी टेप आणि आलेख कागद घेऊन बसलो. भिंतीची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यायची आणि फरशी अधिक सांधा म्हणून ६०.२ ने भागायची. ती खोली ९ फूट ९ इंच बाय ११ फूट ९ इंच. उत्तरे आली ४.९४ आणि ५.९५. म्हणजे पाच गुणिले सहा, तीस फरश्या, कडेला जेमतेम कापायच्या. इथे उरलेला तुकडा नावालाही नव्हता, त्यामुळे स्कर्टिंगच्या २१ पट्ट्यांसाठी पाच फरश्या वेगळ्या धरल्या. पस्तीस झाल्या, म्हणजे नऊ बॉक्स. जुन्या पद्धतीने आठच आले असते. आम्ही एकाच बॅचचे दहा घेतले. कापताना दोन फरश्या तडकल्या. उरलेल्या तीन माळ्यावर उभ्या ठेवल्या आहेत, बॅच नंबर छापलेला पुठ्ठा त्यांनाच बांधून.